पुण्यात पहिला फ्लॅट गुंतवणुकीसाठी घेताय? नियम आणि रिनोव्हेशनबद्दल लोक मला पुन्हापुन्हा विचारतात ते प्रश्न

माझे दोन फ्लॅट आहेत, एक सिंहगड रोडला आणि एक वाकडला, दोन्ही भाड्याने दिलेत. मी वकील नाही, बिल्डर तर मुळीच नाही. पण ओळखीतला कुणीही फ्लॅट घ्यायला निघाला की मला मेसेज करतो आणि प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. एक डोक्यात ठेवा, भाड्याच्या फ्लॅटचं गणित घेतानाच जमतं किंवा फसतं, नंतर कितीही टाइल्स लावल्या तरी ते सुधारत नाही.

१. फ्लॅट ५० लाखांचा आहे, मग वरून अजून किती तयार ठेवायचे?

लोक "२० टक्के डाउन पेमेंट, म्हणजे १० लाख" एवढंच धरून बसतात. पुणे मनपा हद्दीत स्टॅम्प ड्युटी मेट्रोचा १ टक्का धरून ७ टक्के पडते, म्हणजे साडेतीन लाख. खरेदी बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सूट मिळते, म्हणजे तीन लाख, आणि ही सूट घ्या, उगाच सोडू नका. रजिस्ट्रेशन १ टक्का असतं पण जास्तीत जास्त ३० हजार. बँक ५० लाखांच्या फ्लॅटला ८० टक्क्यांच्या वर देत नाही आणि ते टक्के फ्लॅटच्या किमतीवर असतात, स्टॅम्प ड्युटी त्यात धरत नाहीत. म्हणजे स्वतःचे १० लाख आणि वरचे साधारण ३ लाख ८० हजार, हे झाले पावणेचौदा लाख, अजून वकील, ब्रोकर आणि रंगरंगोटी बाकीच आहे. बांधकाम चालू असलेलं घेत असाल तर ५ टक्के जीएसटी वेगळा, म्हणजे अजून अडीच लाख. ४५ लाखांच्या आतलं आणि कार्पेट (म्हणजे फ्लॅटच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा) ९० चौरस मीटरच्या आत असेल तर जीएसटी १ टक्का, त्यामुळे ४६ लाखांचा फ्लॅट दिसला तर आधी हे गणित करून बघा.

आणि किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस तुम्ही कापून सरकारला भरायचा असतो, विकणाऱ्याने नाही. हे पैसे वेगळे जात नाहीत, त्याला द्यायच्या रकमेतूनच कापायचे, पण भरायला विसरलात तर नोटीस तुम्हाला येते.

२. नवीन प्रोजेक्टमध्ये घेऊ की रिसेल?

पहिलीच खरेदी भाड्यासाठी असेल तर माझं मत रिसेल, तेही ८-१० वर्षांची बिल्डिंग, जिथे पाणी किती येतं, लिफ्ट चालते का, भाडं किती मिळतं हे वॉचमनला विचारून कळतं. नवीनमध्ये हप्ता सुरू होतो आणि भाडं तीन वर्षांनी.

तरी नवीनच घ्यायचं असेल तर महारेराच्या (बिल्डरांच्या प्रोजेक्टवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून स्वतः बघा, ब्रोशरवर छापलाय म्हणून विश्वास ठेवू नका. ताबा द्यायची तारीख तिथे असते, ती पुढे ढकलली असेल तर तेही दिसतं. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे मागू शकत नाही, हे कायद्यात आहे, तरी सेल्सवाला "आज २५ टक्के भरा, रेट लॉक करतो" म्हणतोच. भाव कार्पेटवर बोला, सेलेबल, सुपर बिल्टअप (म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून फुगवलेला आकडा) हे शब्द आले की सरळ विचारा की कार्पेट किती. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षं स्ट्रक्चरमधला दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, पण तुम्ही मध्ये तोडफोड केली असेल तर तो तिकडे बोट दाखवणार, तोडफोडीचं प्रश्न ८ ला येईल.

३. रिसेलला कागद कोणकोणते बघायचे?

आधीच्या सगळ्या खरेद्यांची साखळी, म्हणजे बिल्डरकडून पहिल्याने घेतलं त्या अ‍ॅग्रीमेंटपासून आत्तापर्यंत, आणि प्रत्येकाचं इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा). भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), मंजूर नकाशा, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची येणं-बाकी नसल्याची चिठ्ठी, मिळकत कराची ताजी पावती, लाइट बिल. विकणाऱ्याचं लोन असेल तर बँकेचं पत्र, कारण मूळ कागद बँकेकडे अडकलेले असतात. तीस वर्षांचा सर्च (जुन्या व्यवहारांच्या नोंदींचा शोध) वकिलाकडून करून घ्या, "बँकेने लोन दिलं म्हणजे टायटल क्लिअर" हे अर्धसत्य आहे, बँक तिचे पैसे बघते.

मंजूर नकाशा लोक मागतच नाहीत आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. तो हातात घेऊन फ्लॅटमध्ये उभं राहायचं आणि बघायचं की नकाशात बाल्कनी आहे तिथे आता बेडरूम आहे का, टेरेसवर शेड टाकलीय का. कारण ते तुम्ही विकत घेताय, म्हणजे त्याची नोटीस पण तुम्हीच विकत घेताय.

४. सोसायटी आणि अपार्टमेंट यात नक्की काय फरक? ब्रोकर म्हणतो एकच आहे.

एकच नाही. पुण्यात अपार्टमेंट खूप आहेत, खासकरून कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रोडच्या छोट्या बिल्डिंगा. सोसायटी १९६० च्या सहकारी संस्थांच्या कायद्याखाली येते, तुम्ही सभासद होता आणि शेअर सर्टिफिकेट मिळतं. अपार्टमेंट १९७० च्या कायद्याखाली येतं, तिथे डीड ऑफ डिक्लेरेशन असतं आणि तुमच्या नावावर डीड ऑफ अपार्टमेंट होतं, त्यात जागेतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. अपार्टमेंटमध्ये शेअर सर्टिफिकेट मागत बसू नका, डिक्लेरेशन मागा आणि वाचा, पार्किंग, टेरेस, मेंटेनन्स सगळं त्यात असतं.

सोसायटीत जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, म्हणजे कन्व्हेयन्स, हे विचारा. झालं नसेल तर डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डर सही करत नसला तरी सरकारकडे अर्ज करून, करता येतं, पण पुढे रिडेव्हलपमेंट निघाली की इथेच गाडी अडते. खाली प्रश्न १३ मध्ये मी जे सोसायटीचे नियम लिहिलेत, १० टक्के, २५ हजार वगैरे, ते सोसायटीला लागू आहेत, अपार्टमेंटला डिक्लेरेशन बघा.

५. पार्किंगचे वेगळे ३ लाख मागतायत, द्यायचे का?

उघड्या पार्किंगचे असतील तर नाही. उघडी जागा सामायिक असते, बिल्डर ती विकू शकत नाही. कव्हर्ड असेल तर तिचा नंबर, लांबी-रुंदी अ‍ॅग्रीमेंटच्या जोडपत्रात लिहून घ्या. रिसेलमध्ये "हे माझं पार्किंग" असं मालक दाखवतो पण कागदावर काहीच नसतं, सोसायटीने अलॉट केलेलं पत्र असेल तरच धरा.

६. मालक म्हणतो १० लाख कॅशमध्ये द्या, स्टॅम्प ड्युटी वाचेल. वाचते का?

नाही. स्टॅम्प ड्युटी अ‍ॅग्रीमेंटची किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने त्या भागासाठी ठरवलेली) किंमत यात जी जास्त असेल तिच्यावर लागते, त्यामुळे एका मर्यादेखाली दाखवून काही उपयोगच नसतो. दुसरं म्हणजे प्रॉपर्टीच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त कॅश घेणाऱ्याला तेवढाच दंड बसतो. तिसरं, बँक लोन कागदावरच्या किमतीवर देते. चौथं, पुढे तुम्ही विकाल तेव्हा तुमची खरेदी किंमत कागदावर १० लाखांनी कमी, म्हणजे त्याचा टॅक्स तुम्ही भरणार. मालकाचं ओझं तुमच्या खांद्यावर, एवढंच होतं यातून.

७. फ्लॅटमध्ये काम काढायचंय, परवानगी कशाकशाला लागते?

रंग, पुट्टी, फरशी बदलणं, ओटा बदलणं, आहे त्याच जागी दार-खिडकी बदलणं, आतलं प्लंबिंग-वायरिंग, फर्निचर, याला महापालिकेची परवानगी लागत नाही. पण सोसायटीला लेखी कळवा, बहुतेक ठिकाणी फॉर्म आणि डिपॉझिट असतं.

कॉलम, बीम, स्लॅब, बाहेरची भिंत यांना हात लावायचा तर स्ट्रक्चरल इंजिनिअर, सोसायटी आणि महापालिका तिघंही लागतात. टॉयलेट किंवा किचनची जागा बदलणं हे लोकांना साधं वाटतं, पण तुमचं नवीन टॉयलेट खालच्याच्या किचनवर किंवा देवघरावर येतं आणि मग जे भांडण सुरू होतं ते तुम्ही फ्लॅट विकून गेलात तरी संपत नाही. नाही म्हणा त्याला. विनापरवाना बांधकामाला एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याखाली नोटीस येते आणि पाडायचा खर्चही तुमच्याकडूनच घेतात.

दोन शेजारचे फ्लॅट एक करायचे असतील तर हेच, मधली भिंत विटांची आहे की काँक्रीटची हे आधी. ते पुढच्या प्रश्नात.

८. मधली भिंत पाडून हॉल मोठा करू का? मिस्त्री म्हणतो काही होत नाही.

मिस्त्री म्हणतो म्हणून भिंत पाडू नका, एवढं एक ऐका. पुण्यात तीन प्रकारच्या बिल्डिंगा भेटतात. पेठांमधल्या आणि डेक्कनकडच्या जुन्या इमारतींमध्ये कधीकधी भिंतीवरच स्लॅबचं वजन असतं, तिथे भिंत पाडली की वरचा मजला कशावर उभा राहणार? मधल्या काळातल्या, म्हणजे कॉलम-बीमच्या बिल्डिंगेत चार इंची विटांची भिंत असेल तर बहुतेक वेळा काढता येते, पण तेही इंजिनिअर येऊन बघून गेल्यावर. आणि तिसरी म्हणजे मिवानची, हिंजवडी, वाकड, खराडीकडे नवीन टॉवर बरेच असे आहेत, अ‍ॅल्युमिनिअमच्या साच्यात स्लॅब आणि भिंती एकत्र ओततात, म्हणजे आतली भिंतसुद्धा काँक्रीटची असते आणि तीच वजन घेत असते.

ओळखायचं कसं, तर भिंतीवर बोटाने ठोका, खिळा मारून बघा, मिवानच्या भिंतीत साधा खिळा वाकतो. तिथे पाडणं तर सोडाच, वायरिंगसाठी झिरी मारणं पण नको, आतल्या सळ्या तुटतात. नवीन पॉइंट हवा तर वरून केसिंग-पट्टी लावा, दिसायला जरा कमी पण चालतं. एसीच्या पाइपचं भोक असेल तर बिल्डरने ठेवलेली जागाच वापरा. माझ्या वाकडच्या फ्लॅटमध्ये मला बेडला लागून एक प्लग हवा होता, इलेक्ट्रिशियन कटर घेऊनच आला होता, वॉचमनने आवाज ऐकून चेअरमनला बोलावलं, तेव्हा राग आला होता, आता त्या वॉचमनला दिवाळीला पाकीट देतो.

९. बाथरूमच्या जुन्या टाइल्सवरच नवीन टाइल्स बसवल्या तर? खर्च निम्मा होतो म्हणे.

मी केलं होतं, सिंहगड रोडच्या फ्लॅटला. वरून झकास दिसत होतं. पहिल्याच पावसाळ्यात खालच्या काकूंच्या हॉलच्या छताला ओल आली, मग पापुद्रे, मग त्या दर रविवारी सकाळी फोन करायच्या, अगदी शांतपणे, "बघायला कधी येताय?" शेवटी नवीन टाइल्स, जुन्या टाइल्स, खालचा कोबा सगळं काढलं, नवीन वॉटरप्रूफिंग केलं आणि त्यांच्या छताचा रंग पण मी दिला. निम्मे वाचवायला गेलो आणि दुप्पट गेले.

नियम असा आहे की टेरेस किंवा बाहेरच्या भिंतीतून गळत असेल तर खर्च सोसायटीचा, आणि तुमच्या बाथरूम, संडास, सिंकमधून खाली गळत असेल तर तुमचा. त्यामुळे बाथरूम करायचंच असेल तर खालपर्यंत करा. जुना कोबा काढा, पाइप सीपीव्हीसी (गरम पाणी चालणारं प्लास्टिक) टाका, नहाणी ट्रॅपच्या भोवती नीट भरून घ्या कारण गळती ९० टक्के वेळा तिथूनच असते असं माझ्या प्लंबरचं म्हणणं, मग वॉटरप्रूफिंगचे कोट, आणि टाइल्स लावायच्या आधी दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवा. कॉन्ट्रॅक्टर घाई करेल, करू दे. खालच्यांना बोलावून छत दाखवायला सांगा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. भिंतीत पाइप कुठून गेलेत त्याचे पण फोटो काढा, पुढच्या ड्रिलच्या वेळी उपयोगी पडतात.

१०. भाड्याने द्यायचाय, तर इंटिरिअरवर किती घालू?

साधं गणित करा. ५० लाखांच्या फ्लॅटला समजा साडेपंधरा हजार भाडं येतंय, वर्षाला १ लाख ८६ हजार, म्हणजे पावणेचार टक्क्यांच्या आसपास, त्यातून मेंटेनन्स आणि कर जायचाय. आता तुम्ही ४ लाख घालून फॉल्स सीलिंग, टीव्ही युनिट, वॉलपेपर केलं आणि भाडं दोन हजारांनी वाढलं, तर वर्षाला २४ हजार, म्हणजे पैसे वसूल व्हायला जवळजवळ पावणेसतरा वर्षं. तोपर्यंत ते सीलिंग पिवळं पडून दोनदा बदललेलं असतं. भाड्याचं घर स्वतःच्या हौसेसाठी करायचं नसतं, हे बायकोला पटवायला मला सहा महिने लागले.

माझा क्रम असा: आधी गळती, मग वायरिंग (जुन्या बिल्डिंगेत अर्थिंग धड नसतं, ईएलसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारं स्विच, बसवाच), मग नळ आणि फ्लश, मग किचनमध्ये ग्रॅनाइटचा ओटा आणि साध्या ट्रॉल्या, बेडरूममध्ये एक कपाट, सगळीकडे पंखे-लाइट, गीझर, खिडक्यांना मच्छरजाळी, रंग. ओट्याखाली आणि सिंकखाली प्लाय वापरलं तर बीडब्ल्यूपीच (पाण्याला टिकणारं), साधं प्लाय दोन वर्षांत फुगतं. एमएनजीएल कंपनीचा पाइप गॅस बिल्डिंगेत आला असेल तर जोडून घ्या, भाडेकरू ते हमखास विचारतात. सोफा, टीव्ही, फ्रिज देऊ नका, आयटीवाल्यांना द्यायचं असेल तरच विचार करा, आणि दिलं तर यादी करारात.

११. कामाची वेळ, राडारोडा, यावरून सोसायटी दंड लावते, लावू शकते का?

सोसायटीच्या सभेत ठरलेले नियम असतील तर पाळावे लागतात. तोडफोडीचे दिवस खालच्या-वरच्यांना आधी सांगून या, आणि दुपारी ड्रिल नको, पुण्यात याचं कारण सांगायला नको. राडारोडा मात्र गंभीर आहे, नदीपात्रात किंवा टेकडीच्या कडेला टाकला तर महापालिका दंड करते, टेम्पोवाला "टाकतो कुठेतरी" म्हणाला तर त्याला कामच देऊ नका. वाघोलीला महापालिकेचा राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे.

१२. ११ महिन्यांचा करार नोटरी केला तर चालतं ना?

महाराष्ट्रात नाही चालत. लीव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचा असला तरी लेखी आणि रजिस्टर लागतो, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नसेल आणि वाद झाला तर भाडेकरू जे सांगेल ते खरं धरायची तयारी ठेवा. खर्च काही फार नसतो, एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं १० टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळून त्याच्या पाव टक्का स्टॅम्प ड्युटी, २२ हजार भाडं आणि ६० हजार डिपॉझिट असेल तर ११ महिन्यांना सव्वासहाशेच्या आत, रजिस्ट्रेशन १ हजार, वर ऑनलाइन करून देणाऱ्याची फी. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची ती ऑनलाइन देता येते, तीही कराच.

१३. सोसायटी बॅचलरना देऊ देत नाही आणि भाड्याने दिलं म्हणून महिन्याला २ हजार जास्त मागते.

भाड्याचं म्हणजे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हा सरकारचा आदेश २००१ पासूनचा आहे. सेवाशुल्क म्हणजे आख्खा मेंटेनन्स नाही, मिळकत कर, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) वगैरे त्यातून वगळायचे. आईवडील, मुलगा-मुलगी अशा जवळच्या नात्यातले राहत असतील तर लागतच नाही. तसंच फ्लॅट घेताना ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे तुमच्या नावावर करायला सोसायटी घेते तो, २५ हजारांच्या वर नाही, "डोनेशन" म्हणून एक लाख मागतात ते तुम्ही राजीखुशीने दिलं असं लिहून घेतात, तिथे सही करू नका.

बॅचलरचं म्हणाल तर सोसायटीला करार आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, कुणाला द्यावं हे ठरवायचा हक्क कमिटीला नाही. पण कागदावर हक्क असणं आणि रोज पार्किंगमध्ये कुरकुर ऐकणं वेगळं, घ्यायच्या आधीच त्या सोसायटीत बॅचलर राहतात का हे विचारून घेतलेलं बरं.

१४. जुन्या मालकाचा मिळकत कर कमी होता, माझा एकदम वाढला, असं का?

तो स्वतः राहत होता. पुणे महापालिकेत स्वतः राहण्याच्या घराला ४० टक्के सवलत आहे, भाड्याने दिलं की ती जाते. मध्ये काही वर्षं सवलत बंद झाली होती, २०२३ ला परत आली, पीटी-३ (स्वतः राहतो हे सांगणारा) फॉर्म भरून. त्यामुळे प्रश्न ३ मधल्या पावतीवरचा आकडा तसाच धरून भाड्याचं गणित करू नका. आणि मागची थकबाकी आहे का बघा, उशिराला महिन्याला २ टक्के चढतात आणि कर मिळकतीला चिकटतो, माणसाला नाही.

१५. रिनोव्हेशनची बिलं इन्कम टॅक्समध्ये दाखवता येतात का?

भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मिळकत कर वजा करून उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, तुम्ही रुपया खर्च करा नाहीतर दोन लाख. रंगाचं बिल वेगळं चालत नाही. नवीन टॅक्स पद्धतीत लोनचं व्याज भाड्यातून वजा होतं पण तोटा पगारातून वजा होत नाही, हे पगारदार मंडळींनी नीट ऐका. बिलं तरी ठेवा, कारण विकताना भर घालणारं काम, नुसती डागडुजी नाही, खर्चात धरता येतं. दोन वर्षांनंतर विकलं तर नफ्यावर साडेबारा टक्के, आधी विकलं तर तुमच्या स्लॅबने. "घ्यायचं, चकाचक करायचं, सहा महिन्यांत विकायचं" हे यूट्यूबवरचं गणित इथे स्टॅम्प ड्युटी आणि या टॅक्समध्येच संपतं.

१६. मालक अमेरिकेत आहे, भाऊ सही करणार. चालेल?

पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी विकण्याची स्पष्ट आहे का आणि मालक हयात आहे का, दोन्ही तपासा, व्हिडिओ कॉल करा, लाजू नका. आणि टीडीएस प्रश्न १ मधला १ टक्का इथे लागू नाही, एनआरआय असेल तर बराच जास्त कापावा लागतो. सीएला विचारल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

१७. नदीच्या बाजूला ग्राउंड फ्लोअर स्वस्तात मिळतोय, भाडं तर तेवढंच येतं?

जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रोडला एकता नगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं, ते ज्यांनी बघितलंय ते असं विचारत नाहीत. नदीच्या पूररेषा दोन, निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतला. फ्लॅट यांच्या आत आहे का हे विकास आराखड्यावर बघा. आत असेल तर रिनोव्हेशनचा विचारच करू नका.

१८. मुदत संपली, भाडेकरू निघत नाही. सामान बाहेर काढू?

नाही, कुलूप तोडणं, लाइट-पाणी तोडणं यातलं काहीच करू नका, उलट तुमच्यावरच तक्रार होते. करार रजिस्टर असेल तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, मुदत संपल्यापासून भाड्याच्या दुप्पट रक्कम मागता येते, आणि रजिस्टर करार हाच मुदतीचा पुरावा मानला जातो. नोटरी असेल तर आधी प्रश्न १२ वाचा, मग वकील शोधा.